कुकरकाकूंचा गुडघा

इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्स-रे विभाग ओलांडून पुढे गेलं की एक बिनखिडक्यांची खोली लागते. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुतात, पुसतात, हिरव्या कापडात बांधतात आणि पुरुषभर उंचीच्या वाफेच्या यंत्रात घालून जंतुमुक्त करतात. या खोलीत काकूंनी चौतीस वर्षं काढली. त्या यंत्राचं इंग्रजी नाव चांगलं लांबलचक होतं, पण त्याला झाकण होतं, आत वाफ होती, आणि वेळ भरली की ते फुस्स करायचं. तेव्हा कुणा वात्रट डॉक्टरनं काकूंचं नाव कुकरकाकू ठेवलं आणि ते चिकटलं. काकू आधी रागावल्या, मग त्यांना सवय झाली, आणि शेवटी शेवटी तर खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर त्या वळूनसुद्धा बघेनात.

काकू कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा वाफेनं काळ्या झाल्या नसल्या की गठ्ठा परत. कापड हाताला जरा ओलसर लागलं, तरी परत. एकदा एका बड्या सर्जननं खाली येऊन आरडाओरडा केला, "पेशंट टेबलावर झोपवलाय, द्या तो सेट!" काकू म्हणाल्या, "मग उठवा त्याला. पट्टी काळी झालेली नाही." पेशंटला अजून भूल दिली नव्हती म्हणून बरं. सर्जन महिनाभर काकूंशी बोलला नाही. पण वर्षभरानं त्याच्या स्वतःच्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळ्यात आधी खाली येऊन म्हणाला, "काकू, सेट तुमच्या हातानं लावा."

आता चौतीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभं राहिल्यावर गुडघे काय शाबूत राहतात? निवृत्त झाल्या त्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला, पुढच्या वर्षी तो बोंबलायलाच लागला. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, जिना अरुंद. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती एक लेक दूर देशात नोकरीला, चार वर्षांत फिरकली नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, हवा कशी आहे, गुडघा काय म्हणतो. एवढं विचारून झालं की दोघींना पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि तरी दोघीही फोन ठेवायच्या नाहीत. असा थोडा वेळ नुसता जायचा.

घरी येणारं माणूस एकच, धाकटी. काकूंच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेली, आता त्या वाफेच्या खोलीचं काम बघणारी बाई. चाळिशीची, दोन मुलांची आई, पण काकूंनी पहिल्या दिवशी तिला धाकटी म्हटलं म्हणून सगळ्या इस्पितळाची धाकटी झाली. गुरुवारी तिची सुट्टी असायची. येताना काकूंची भाजी, औषधं आणायची आणि इस्पितळातल्या साऱ्या भानगडी आणायची. बोलता बोलता काकूंचे कपडे वाळत घालून जायची. गुरुवार सोडला तर काकूंच्या दाराची बेल वाजवणारा फक्त मीटर बघणारा माणूस, आणि तोसुद्धा दोन महिन्यांतून एकदा.

अशात एका रविवारी लेक म्हणाली, "आई, ते गुडघा बदलायचं मनावर घेच आता. मला तीन आठवडे रजा मिळतेय. मी येते."

"तीन आठवडे?"

"एकवीस दिवस. पुन्हा कधी मिळेल ते देव जाणे. तू तारीख घेऊन टाक."

काकूंनी दुसऱ्या दिवशीच तारीख घेतली. साडेपाच आठवड्यांनंतरची. सर्जन नवा होता, मृदू बोलणारा, पण त्याचं नाव चांगलं होतं. घरी येऊन त्यांनी लेकीच्या खोलीचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. चार वर्षांत त्या खोलीची अडगळ झाली होती. खोकी, मोडका पंखा, भिंतीला कोळिष्टकं, पडद्यांचा रंग कुठला होता तेही आठवेना. पोरगी इतक्या लांबून येणार आणि या उकिरड्यात निजणार? पण पडदे काढायला स्टुलावर चढायचं तर गुडघा वाकायला हवा, आणि गुडघा तर चहाच्या कपापर्यंत जाऊ द्यायला तयार नव्हता. धाकटीला सांगितलं असतं तर तिनं एका गुरुवारात खोली लख्ख केली असती. पण काकूंना ते स्वतःच्या हातानं करायचं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते उगीच नाही.

काकू कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या. तिथला डॉक्टर साधा माणूस होता. गुडघा दाबून म्हणाला, "सांध्यात एक इंजेक्शन देता येईल. सूज उतरेल, महिना-दोन महिने बरे जातील. स्टिरॉइड असतं. पण गुडघा बदलायचं ठरलेलं नाही ना?"

"का हो?"

"ठरलं असेल तर नको. या औषधानं सांध्याची जंतूंशी लढायची ताकद काही काळ कमी पडते. हे दिल्यावर तीन महिने तरी त्या गुडघ्यात नवा सांधा बसवत नाहीत."

"ठरतंय कसलं," काकू म्हणाल्या, "नुसतं बोलणं चाललंय."

हे खोटं काकूंच्या तोंडून इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी गुडघा असा काही चालायला लागला की बाई पंचविशीत गेल्या. स्टुलावर चढून पडदे उतरवले, धुतले, पुन्हा लावले. भिंती झाडल्या, खोकी जिन्याखाली नेऊन टाकली, खिडकीच्या गजांना रंग दिला. धाकटी गुरुवारी आली आणि बघतच राहिली. "काकू, हे कुणी केलं?" "भुतानं," काकू म्हणाल्या, आणि खूश होऊन हसल्या.

लेक आली. दाराशी तिला बघून काकूंना रडू फुटलं, आणि ते लपवायला त्यांनी तिच्या बॅगेच्या वजनावरून तिला रागावून घेतलं. दोन दिवसांनी दोघी सर्जनपुढे बसल्या. तो फॉर्ममधले प्रश्न एकेक करून विचारत होता. साखर? रक्तदाब? दातांचं काही दुखणं?

"गेल्या तीन महिन्यांत या गुडघ्यात इंजेक्शन वगैरे घेतलंय?"

काकूंनी शेजारी पाहिलं. लेक मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि आईकडे बघत होती. आता हो म्हटलं तर ऑपरेशन दोन महिने पुढे. दोन महिन्यांनी लेक कुठे असणार? तिकडे. आणि मग पुन्हा चार वर्षं की पाच?

"नाही," काकू म्हणाल्या.

"नक्की ना?"

"अहो डॉक्टर, चौतीस वर्षं तुमच्याच इस्पितळात काढलीत मी."

हे काही उत्तर नव्हे. पण डॉक्टरनं ते उत्तर समजून पुढच्या चौकोनात खूण केली.

काकूंना भीती वाटली नाही असं नाही. पण त्यांनी जन्मभर एकच गोष्ट मानली होती की जंतू बाहेरून येतात. मळक्या हत्यारावरून येतात, ओल्या कापडातून येतात, घाईघाईच्या हातांनी येतात. आणि त्यांच्या ऑपरेशनचा सेट तर धाकटी बांधणार होती, जिला त्यांनी स्वतः घडवलं होतं. बाहेरून काही आलंच नाही तर त्या गुडघ्याला आत लढायचं कुणाशी? दुसऱ्या कुणाच्या मनात हे आलं नसतं. वाफेच्या खोलीत हयात घालवलेल्या बाईच्याच मनात येऊ शकतं, आणि ते तिला अगदी शास्त्रशुद्ध वाटू शकतं. माणसाच्या कातडीवर, त्याच्या स्वतःच्या अंगावर, कायमचे राहणारे जंतू असतात, ते काही वाफेला भीक घालत नाहीत. हे काकूंना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी ते ठाऊक नसल्यासारखं केलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

ऑपरेशन छान झालं. पुढचे अठरा दिवस काकूंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे सांगायला हवं. लेक त्यांना वॉकर धरून दारापर्यंत नेई आणि परत आणी. गुडघा किती वाकला ते कोनमापकानं मोजून भिंतीवरच्या कागदावर लिही. काकू कण्हल्या तर "नाटकं पुरेत" म्हणे. तिनं आईचे केस इतके वाईट विंचरले की काकू दोन दिवस वेड्यासारख्या दिसत होत्या, पण त्यांनी ते बदलू दिले नाहीत. एका दुपारी आईच्या पायाशी बसून मोबाईल बघता बघता पोरीला तिथेच झोप लागली, हात आईच्या नडगीवर. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. काकू हलल्या नाहीत.

निघताना लेक म्हणाली, "आता तू धावशील बघ." काकू खिडकीत उभ्या राहिल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या बराच वेळ तिथेच होत्या, कारण बसायला मागे वळलं की खोली रिकामी दिसणार होती.

नऊ दिवसांनी टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली. काकूंनी पाय उशीवर ठेवला आणि लाली बघायचं टाळलं. दोन दिवसांनी तिथून पाणी यायला लागलं, अंगात कणकण भरली. रविवारी फोनवर त्या लेकीला म्हणाल्या, "गुडघा ना? मस्त." गुरुवारी धाकटी आली. तिनं भाजीची पिशवी ठेवली, पायावर हात ठेवला आणि तडक टॅक्सी बोलवायला खाली गेली.

सर्जननं गुडघा पुन्हा उघडला, आतून धुऊन काढला, नव्या सांध्यामधला प्लास्टिकचा तुकडा बदलला. मग सहा आठवडे शिरेतून औषध. लेकीला फोनवर पू झाल्याचं तेवढं कळवलं, पण तिची रजा संपली होती. काकू वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर पडून राहिल्या. इतरांच्या पलंगांभोवती भेटीच्या वेळेला नातेवाइकांची गर्दी व्हायची. काकूंच्या शेजारच्या स्टुलावर शेवटी लोक आपल्या पिशव्या ठेवायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरकडून त्यांना कळलं. दोन वर्षांत इस्पितळातल्या एकाही गुडघ्यात पू झाला नव्हता, त्यामुळे वरच्या लोकांनी चौकशी समिती नेमली होती. समिती म्हटली की तिला कुणीतरी सापडावं लागतं. काकूंच्या ऑपरेशनच्या दिवशीच्या वहीत सेट वाळवल्याच्या वेळेपुढे सही राहिली होती. बाकी सगळं नीट, पण सही नाही. झालं, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. धाकटीला वाफेच्या खोलीतून काढून धुलाईत टाकलं होतं. ती कंत्राटावर होती. या महिनाअखेरीला तिचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

गुरुवारी धाकटी आली. साबणाच्या पाण्यानं तिच्या बोटांची कातडी सुरकुतली होती. स्टुलावरची कुणाची तरी पिशवी तिनं खाली ठेवली आणि बसली.

"काकू, पट्टी काळी होती हो. मी बघितली होती. कापडपण कोरडं होतं. तुमचा सेट म्हणून मी दोनदा हात लावून बघितला होता."

"हो गं."

"सही तेवढी राहिली. त्याच वेळी वरून फोन आला आणि..." मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण आता मला वाटतं, कोरडं नसेलही. मला आठवतच नाहीये नीट. रोज डोळ्यांपुढे आणून बघते, एक दिवस कोरडं आठवतं, एक दिवस ओलं. माझ्याच हातून झालं असणार. तुमच्याच गुडघ्याला व्हावं, काकू! दुसऱ्या कुणाला झालं असतं तरी चाललं असतं."

ती रडायला लागली. काकूंनी तिचा हात हातात घेतला. तो खरखरीत हात धरून त्या बसून राहिल्या, आणि बोलल्या नाहीत. भेटीची वेळ संपली तशी धाकटी डोळे पुसून उठली. काकूंच्या उशाशी तिनं सोललेली फळं झाकून ठेवली होती.

काकूंना स्वतःची किळस आली. निर्दोष बाई आपल्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लागली होती, आणि तिला त्या गाळात ढकलून आपण तिचा हात कुरवाळत बसलो. इतकं कळूनही त्या आणखी तीन दिवस गप्प राहिल्या. कशाची भीती होती? लेकीला कळेल याची होती. चौतीस वर्षांच्या नावाची होती. पण सगळ्यात जास्त याची होती की खरं कळलं तर धाकटी येणार नाही, आणि धाकटी आली नाही तर कुणीच येणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सर्जन राउंडला आला तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि सगळं सांगितलं. कोपऱ्यावरचा दवाखाना, इंजेक्शन, साडेपाच आठवडे, पडदे.

"त्याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही," तो म्हणाला. "इंजेक्शन घेऊनही कित्येकांना काही होत नाही, न घेता काहींना होतं. तुमच्या पुवात जे जंतू निघाले ते कातडीवरचे आहेत, ते कुठूनही आत जातात. पण मला माहीत असतं तर त्या दिवशी मी चाकू हातात घेतला नसता. दोन महिने थांबलो असतो."

"थांबला असतात तर ती गेली असती."

"कोण?"

"लेक."

सर्जननं फाइल मिटली. रागावला असता तर काकूंना बरं वाटलं असतं. "हे समितीला लिहून द्याल?" एवढंच त्यानं विचारलं. काकूंनी कागद मागवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. सही, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी.

रविवारी त्यांनी लेकीलाही इंजेक्शनचं सांगितलं.

"आई, पडदे धुवायला तू इंजेक्शन घेतलंस?"

"तू येणार होतीस ना."

"मला काय करायचे होते ते पडदे! आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तिथेच बसले होते. तेव्हा सांगायचंस. मी नंतर आले असते."

"आली असतीस?"

काकूंनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"प्रयत्न केला असता," ती म्हणाली, आणि रडायला लागली. काकूंनीच तिची समजूत घातली. पोरगी खरं बोलली होती, त्याचं काकूंना बरं वाटलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

समितीनं धाकटीला परत खोलीत पाठवलं. कंत्राटही पुढे चालू राहिलं. सिस्टरनं ते सांगितलं त्या गुरुवारी काकूंनी केस नीट बांधून घेतले, स्टूल रिकामं करून घेतलं. धाकटी आली नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

सहा आठवडे संपले. गुडघा वाचला होता, थोडा कमी वाकत होता इतकंच. घरी जायच्या दिवशी काकू एकट्याच वॉकर घेऊन लिफ्टनं तळमजल्यावर उतरल्या. एक्स-रे विभाग ओलांडला. वाफेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत धाकटी टेबलाशी उभी राहून हिरव्या कापडाची घडी घालत होती. तिनं पाहिलं. हात थांबले नाहीत.

"धाकटे," काकू दारातून म्हणाल्या, "माझं चुकलं. तू समोर बसून रडत होतीस, तेव्हाच मी बोलायला हवं होतं."

धाकटीनं घडी पुरी केली, पट्टी चिकटवली, तारीख घातली. मग म्हणाली, "इंजेक्शनचं काही नाही, काकू. लेकीसाठी मीपण घेतलं असतं." तिनं गठ्ठा बाजूला सरकवला. "पण मी घरी मुलांना सांगितलं होतं की काकूंचा पाय माझ्यामुळे गेला. ती दोघं माझ्याकडे कशी बघायची ते तुम्हाला नाही सांगता येणार. आणि तुम्ही माझा हात धरून बसला होतात."

काकूंनी एक पाऊल पुढे टाकलं. वॉकरचा पाय उंबऱ्याला लागला.

"आत नका येऊ," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. "बाहेरच्या माणसांना इथे यायची परवानगी नाही."

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

तो बोळ अरुंद होता. वॉकर वळवायला त्यांना तीन-चार वेळा पुढेमागे करावं लागलं. तेवढ्या वेळात धाकटीनं दुसरं कापड टेबलावर पसरलं होतं आणि ती हत्यारं मांडत होती.